खोगीर आहे, लुगडे नाही

जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये छापून आला. हा भाग भिल्ली बोलींचा आणि खानदेशीचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरात जी पावरी बोलली जाते ती त्यात आहे, आणि मावची, देहवाली, नोइरी या तिच्या शेजारणीही आहेत. सर्वेक्षणाने सगळीकडे एकच यादी फिरवली होती. शब्द आणि छोटी वाक्ये मिळून २४१ नोंदी. त्यांत हात, पाय, नाक, डोळे आहेत. लोखंड, सोने, चांदी आहे. गाय, कुत्रा, बदक, उंट आहेत. पांढऱ्या घोड्याचे खोगीर घरात आहे, असे एक वाक्य आहे आणि ते खोगीर घोड्याच्या पाठीवर घाल, असे दुसरे. अंगावर घालायच्या कापडाचा मात्र एकही शब्द नाही. धोतर नाही, पागोटे नाही, लुगडे नाही.

त्यात कुणाचा आकस नव्हता. यादी व्याकरण आणि उच्चार ताडून पाहण्यासाठी केलेली होती, पेहरावासाठी नव्हे. तरीही कपडा त्या पानांत शिरलाच, तो दुसऱ्या दाराने. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट स्थानिक माणसाकडून सांगून घेतली जाई. मुलगा सगळे उडवून, उपाशी होऊन घरी परततो तेव्हा बाप चाकरांना म्हणतो, उत्तम झगा आणा, याच्या अंगावर घाला, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. सातपुड्यातल्या सांगणाऱ्याला इथे थांबून विचार करावा लागला असणार. ज्या मुलखात सर्वांत चांगले कापड शिवलेले नसते, अंगभर झगा कुणी घालत नाही आणि मान दाखवायचा तर चांदी आणि डोक्याचे पागोटे पुढे येते, तिथे ‘उत्तम झगा’ कशाला म्हणायचे?

वेशभूषेच्या इतिहासातला माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. कपड्यांची नावे टिपण्याचे काम आजवर दरबाराने केले, बाजाराने केले आणि कचेरीने केले. म्हणून पैठणीची, शालूची, पगडीची माहिती आपल्याकडे भरपूर आहे. तळोद्याहून किंवा शहाद्याहून घाट चढून धडगावच्या अक्राणी तालुक्यात शिरले, की तीच माहिती एकदम विरळ होते. डोंगरातल्या माणसाबद्दल जुन्या कागदांत बहुतेक एवढेच सापडते, की त्याच्या अंगावर काय नव्हते. या प्रकरणात पठारावरचे शब्द आणि डोंगरातला पेहराव शेजारी ठेवायचा आहे. एकाच्या उजेडात दुसरा नीट दिसतो.

सुरुवात मागापासून करू. जॉन फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडांचे नमुने प्रत्यक्ष कापून, चिकटवून १८ खंड तयार केले. त्यांत एकूण ७०० नमुने होते आणि अशा २० प्रती निघाल्या. हेतू उघड होता. इथल्या लोकांना काय आवडते ते इंग्लंडमधल्या गिरणीवाल्यांना कळावे आणि तसला माल त्यांनी इथे विकावा. पण हा हेतू साधताना वॉटसनला एक गोष्ट नेमकी उमगली. इथले बरेचसे कपडे मागावरच पुरे होतात. शिंप्याची कात्री त्यांना लागत नाही. पागोटे, धोतर, लुगडे, उपरणे, शेला, पंचा ही कपड्यांची नावे आहेत आणि तीच कापडाच्या मापांची नावेही आहेत. काठ कुठे, पदर कुठे, रुंदी किती, हे विणकर आधीच ठरवतो. पुढचे काम नेसणाऱ्याच्या हाताचे.

लुगडे नऊ वारांचे. ‘वार’ हे माप इंग्रजी गजाबरोबर रुळले. त्याआधी तेच लुगडे अठरा हातांचे म्हणत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात साधारण दीड फुटाचा, म्हणजे हिशेब जुळतो. एवढे कापड अंगावर बसवायचे तर त्याची रीत लागते, आणि त्या रीतीचे शब्द मराठीने फार बारकाईने जपले आहेत. कमरेची गाठ, समोरच्या निऱ्या, पोटाशी खोचलेला ओचा, दोन पायांतून मागे नेऊन खोवलेला काष्टा किंवा कासोटा, खांद्यावरचा पदर. काष्टा असलेले नेसणे ते सकच्छ, नसलेले ते विकच्छ, अशी जुनी जोडी आहे. विसाव्या शतकात शहरांतून गोल पातळ, म्हणजे पाचवारी, आले आणि काष्टा हळूहळू आजीच्या पिढीपुरता उरला.

काष्ट्याकडे आपण आज सणाचा पोशाख म्हणून पाहतो. तो मुळात कामाचा पोशाख आहे, हे डोंगरात गेल्यावर पटते. शेतात वाकणाऱ्या कुणबी बाईचे लुगडे पोटरीपर्यंत येते. सातपुड्याच्या उतारावर राहणाऱ्या भिल्ल बाईचे त्याहून वर, गुडघ्यापर्यंत किंवा गुडघ्याच्याही वर ओढून घट्ट कसलेले. डोक्यावर पाण्याचे हंडे घेऊन उभा चढ चढायचा, पहाटे मोहाची फुले वेचायला वाकायचे, पावसाळ्यात ओढ्यातून पलीकडे जायचे. पायात घोळणारे कापड इथे चालत नाही. गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या नजरेला हे नेसणे ‘अपुरे’ वाटले असेल. चढावर चालणाऱ्या पायाला ते पुरेपूर होते. कापड कमी पडले म्हणून ते आखूड झाले, अशी समजूत बऱ्याच लिखाणात दिसते. गरिबी होतीच, पण तेवढ्यावर हे भागत नाही. सधन घरातली बाईही तसेच नेसत असे, फक्त तिच्या अंगावर चांदी जास्त असे.

लुगड्याबरोबर डोके आणि पाठ झाकणारे वेगळे कापड, ही डोंगरपट्ट्याची आणखी एक खूण. नाशिक, अहिल्यानगर, पालघरच्या डोंगरांतल्या महादेव कोळी, कोकणा, वारली बाया त्याला फडकी म्हणतात. खांद्यावरून पाठीवर टाकलेली, बहुधा लाल किंवा छापील. नवापूरकडच्या कोकणा बायांतही ती आहे. धडगावच्या पावरा बायांत घागरा, पोलके आणि डोक्यावरची ओढणी हा पेहराव आज जास्त दिसतो आणि त्याचे नाते शेजारच्या बडवानीच्या आणि नर्मदेपलीकडच्या अलीराजपूरच्या भिलाला-बारेला मुलखाशी आहे. नर्मदा ही अक्राणी तालुक्याची उत्तर सीमा. नकाशावर तिथे राज्य संपते, घागऱ्याचा घेर संपत नाही.

आता शिवलेल्या कपड्याकडे येऊ. मराठीतली शिवलेल्या कपड्यांची बरीचशी नावे फारसी-अरबीतून आली. पैरण हे पैराहन, विजार हे इजार, सुरवार हे शलवार. पायजमा म्हणजे पायाचा जामा. अंगरखा, बाराबंदी, कोपरी, बंडी ही आपली घडण. बाराबंदीला बारा बंद आणि कोपरीच्या बाह्या कोपरापर्यंत. या नावांचा दोन राज्यकर्त्यांनी विचार केलेला आढळतो, आणि तो किस्सा सांगण्याजोगा आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त नोंद आहे, की अकबराने कपड्यांना नवी, बहुतेक देशी वळणाची नावे दिली. जाम्याला सर्बगाती, इजारीला यारपैराहन, शालीला परमनरम, पायातल्या जोड्याला चरणधरण. पुढच्या शतकात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश दहा वर्गांत लावलेला आहे, आणि दरबारी भोगाच्या वस्तूही त्याने सोडल्या नाहीत.

परमनरम हा शब्द सुंदर आहे, तरी लोक शालच म्हणत राहिले. चरणधरण कुणाच्या पायात गेले नाही. राजाच्या आज्ञेने कारभाराची भाषा बदलते, हे राजव्यवहारकोशाने आणि नंतरच्या मराठी कारभाराने दाखवून दिले. कपड्याचे नाव मात्र जिथे तो विकत घेतला जातो आणि जिथे शिवला जातो तिथेच ठरते. म्हणूनच खानदेशच्या कपड्यांची नावे शोधायची तर दरबारापेक्षा रस्त्याकडे पाहावे.

तो रस्ता सातपुड्याच्या पायथ्यानेच जात होता. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारे तांडे नवापूर, नंदुरबार असे करत पूर्वेकडे सरकत. सतराव्या शतकात जाँ-बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. बुऱ्हाणपुरात आणि आजूबाजूच्या प्रांतात होणारी पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहिले आहे. त्या मलमलीचे रुमाल, ओढण्या, बुरखे होत, काठाला जर लागे. पोलंडमधल्या सरदारणीच्या डोक्यावरची ओढणी ज्या वाटेने गेली, त्या वाटेवरून उत्तरेला मान वर केली की सातपुडा दिसतो. त्या मालातले वर फार थोडे चढले असेल. डोंगरातल्या माणसाच्या हाती येई ते जाडेभरडे. त्यातले एक नाव लक्षात ठेवावे असे आहे : खारवा.

खारवा म्हणजे आलीच्या रंगात बुडवलेले जाड, लाल सुती कापड. आल हे झुडूप, आणि रंग त्याच्या मुळ्यांत. ते लावायचे, दोन-तीन वर्षे वाढू द्यायचे आणि मग खोल खणून मुळ्या काढायच्या. बारीक मुळीला रंग जास्त म्हणून तिला भाव जास्त. तुरटीने तो लाल रंग कापडावर पक्का बसे आणि उन्हापावसाला दाद देत नसे. खानदेश आणि निमाड या दोन्ही भागांत आलीची शेती होती आणि गावोगाव रंगारी तिच्यावर पोट भरत. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅलिझरीन हा लाल रंग कोळशाच्या डांबरापासून बनवला. पुढच्या काही वर्षांत तो कारखान्यांतून स्वस्तात बाहेर पडू लागला. तीन वर्षे शेत अडवून ठेवणारी आल त्याच्यापुढे कशी टिकणार? रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या, शेतातली आल गेली आणि ‘खारवा’ हा शब्दही कोशापुरता राहिला. बर्लिनमधल्या एका प्रयोगशाळेने खानदेशातल्या बाईच्या अंगावरचा लाल बदलून टाकला, आणि तिला फक्त एवढेच जाणवले असेल की नवे कापड जास्त भडक आहे.

यानंतर गिरण्या आल्या. जळगावात, पुढे अमळनेरला. मांजरपाट, हरक, लठ्ठा, नैनसूक ही नावे खेड्यापाड्यांतल्या दुकानांत रुळली. हा भाग इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे, म्हणून इथे थांबत नाही.

लंगोटीवर मात्र थांबावे लागते. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशाचा आहे. त्यात आणि त्या काळच्या इतर सरकारी लिखाणात भिल्ल पुरुष म्हटला की लंगोटी हा शब्द यायचाच. हे वर्णन खोटे नव्हते, पण निम्मे होते. त्याच माणसाच्या डोक्याला गुंडाळलेले फडके, कानातली बाळी, हातातले कडे, कमरेचा करदोडा, खांद्यावरचा तीरकामठा हे सगळे पेहरावातच धरायला हवे. धनुष्याशिवाय घराबाहेर पडणे हे त्याला उघड्या डोक्याने बाहेर पडण्यासारखे होते. थंडीत घोंगडी किंवा कांबळे, पावसात पानांचे इरले. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि तिथल्या पौषातल्या रात्री हाड गोठवतात. तिथे माणूस नुसत्या लंगोटीवर जगला असे मानायला आपण तयार झालो, कारण लिहिणाऱ्याने तेवढेच लिहिले.

हीच लंगोटी दुसऱ्यांच्या हातात मोठे विधान झाली. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतीराव फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि ज्यांच्या जिवावर राज्य चालते ते लोक असे दिसतात, हे त्यांनी राजपुत्राच्या तोंडावर सांगितले. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी अंगरखा-टोपी सोडून पंचा नेसला आणि तो जन्मभर ठेवला. या दोन्ही प्रसंगांत कपडा हाच युक्तिवाद होता.

डोंगरात त्याच सुमारास उलटी हालचाल सुरू झाली होती, आणि ती मला या दोन प्रसंगांइतकीच मोलाची वाटते. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि त्याला लागून असलेल्या खानदेशच्या आदिवासी मुलखात देवीची चळवळ पसरली. अंगात आलेली देवी सांगू लागली की दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. पुढे तिच्या तोंडून खादी घाला हेही आले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना एकत्र आणले. एकमेकांना ‘आप’ म्हणा, दारू टाका, स्वच्छ राहा, ही त्यांची शिकवण होती. ज्याला शतकभर कचेरीतून ‘अरे’ ऐकावे लागले, त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणणे आणि धुतलेले कापड घालणे, ही एकाच आत्मसन्मानाची दोन अंगे होती. कपडे बदलले ते शहराची नक्कल म्हणून, असे म्हणून या लोकांना मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

आणि खाकी. पेशावरकडच्या गाइड्स पलटणीसाठी १८४०च्या दशकात हॅरी लम्सडेनने मातीच्या रंगाचे कपडे वापरले, तिथून हा रंग जगभरच्या सैन्यांत गेला. खाक म्हणजे धूळ. सातपुड्यात खाकी आली ती पोलिसाच्या आणि जंगल खात्याच्या गार्डाच्या अंगावर. जंगल कायद्यांनंतर लाकूडफाटा, मोह, डिंक सगळे त्या खाकीच्या परवानगीने होऊ लागले. डोंगरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, कपड्याच्या रंगाची धास्ती म्हणजे काय, ते तो सांगेल.

आता चांदीकडे. इथे हात आखडून चालणार नाही.

पावरा बाई सणाला निघते तेव्हा कापड मागे पडते आणि चांदी पुढे येते. गळ्यात ताठ, जाड हांसळी. तिच्याखाली छातीवर उतरलेल्या साखळ्यांचे पदर. दंडात, मनगटात भरीव कडी. पायांत वजनदार वाळे, चालताना त्यांचा आवाज आधी ऐकू येतो आणि बाई मागून दिसते. जुन्या वर्णनांत भिल्ल बायांच्या पोटरीवर घोट्यापासून वर चढत जाणारी पितळेची वाळी आहेत. ती आता फारशी दिसत नाहीत. भिल्ली बोलींत अनेक ठिकाणी ‘स’ चा ‘ह’ होतो, त्यामुळे आपली साखळी इथे हाकळी होते. डोळ्यांच्या कोपऱ्याशी गोंदणाचे ठिपके असतात. तो एकच दागिना असा, की जो सावकाराकडे गहाण टाकता येत नाही.

गहाणाचा उल्लेख सहज केला नाही. डोंगरात बँक पोहोचण्याआधी घरातली शिल्लक बाईच्या अंगावर असे. पीक आले, मोहफूल विकले, आमचूर विकले की तोळ्याच्या हिशेबाने चांदी घ्यायची. दुष्काळ पडला, आजारपण आले की तीच चांदी पायथ्याच्या गावातल्या सोनाराकडे किंवा सावकाराकडे जाई. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचे देज, त्यातही चांदीला मान. म्हणून दागिना भरीव हवा. पोकळ, नाजूक कामाला इथे किंमत नाही, कारण मोडताना वजनच मोजले जाते. शहरातल्या जवाहिऱ्याच्या दुकानात ‘ट्रायबल ज्वेलरी’ या नावाखाली पत्र्याच्या हांसळ्या विकायला असतात. त्या घेणाऱ्याला आकार मिळतो. ज्या वजनामुळे त्या आकाराला अर्थ होता, ते वजन त्यात नसते.

हे सगळे एकत्र पाहायचे तर होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावला जावे. त्या दिवसांच्या बाजाराला भोंगऱ्या म्हणतात. ऊसतोडीला, गुजरातच्या शेतांवर, बांधकामांवर गेलेली माणसे होळीसाठी परत येतात. बाजारात गूळ, दाळ्या, खजूर, हार-कडे, कपडे. नर्मदेच्या दोन्ही अंगांना या दिवसांत एक रीत दिसते. एका गावच्या किंवा एका भावकीच्या मुली एकाच रंगाचे, एकाच कापडाचे कपडे करतात. दुरून गर्दीत जांभळा घोळका दिसला की तो अमुक गावचा, पोपटी दिसला की तमुक. हे कापड दरवर्षी नवे असते. बाजारात नवीन काय आले आहे ते पाहून, सगळ्यांनी मिळून रंग ठरवून, एकाच ठाणातून ते फाडून घेतले जाते. मुंबई-पुण्याच्या लोकांना फॅशन म्हणजे इतरांपेक्षा वेगळे दिसणे वाटते. इथे ती दरवर्षी बदलते, नवी असते, चर्चेची असते आणि तरीही सगळ्या जणी मिळून एक दिसण्यासाठी असते. आदिवासी पेहराव म्हणजे शेकडो वर्षे न बदललेली गोष्ट, ही कल्पना या बाजारात अर्धा तास उभे राहिले तरी गळून पडते.

होळीच्या रात्रीचा वेश मात्र बदलत नाही, कारण तो नवसाचा आहे. ज्याने नवस बोललेला असतो तो काही दिवस पालनी पाळतो. जमिनीवर झोपायचे, खाटेवर बसायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. मग तो बावा किंवा बुध्या होऊन नाचतो. उघड्या अंगावर राखेचे किंवा तांदळाच्या पिठाचे ठिपके आणि पट्टे काढलेले. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यावर मोरपिसे आणि रंगीत कागद. कमरेभोवती वाळलेल्या दुधी भोपळ्यांची माळ आणि मोठे घुंगरू. तो उडी मारतो तेव्हा भोपळे एकमेकांवर आपटून पोकळ खडखडाट होतो, त्यात घुंगरांचा आवाज मिसळतो आणि ढोलाचा ठेका वर चढतो. म्हणजे हा वेश नुसता पाहायचा नाही, ऐकायचाही आहे. भोपळा किती वाळला पाहिजे, कामट्या किती पातळ सोलायच्या, टोप नाचताना पडू नये म्हणून हनुवटीखाली काय बांधायचे, हे सगळे ज्ञान आहे आणि ते थोरल्याकडून धाकट्याकडे हाताने जाते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी यासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे रात्रभर कॅमेऱ्यांची गर्दी असते. छायाचित्रे हजारो निघतात. त्यांच्याखालच्या ओळीत बहुतेक वेळा ‘पारंपरिक वेशभूषेतील आदिवासी बांधव’ एवढेच छापले जाते. वेशातल्या एकाही वस्तूचे नाव नसते. १९०७ च्या यादीपासून आपण फार पुढे आलेलो नाही, असे मला ते वाचताना दरवेळी वाटते.

दरम्यान डोंगराने बाहेरचे शब्द मात्र सहज घेतले. पोलके हा शब्द पाहा. १८३०च्या दशकात बोहेमियात पोल्का नावाचे नृत्य निघाले, १८४४ च्या सुमारास त्याने पॅरिस आणि लंडन वेडे केले, आणि त्या वेडात बायकांच्या अंगातल्या एका आखूड जाकिटाला पोल्काचे नाव चिकटले. मराठीतले पोलके त्याच लाटेबरोबर आले असे मानले जाते. पुढे शाळेत जाणाऱ्या शहरी मुलींनी झंपर आणला, तो इंग्रजी जंपर. समोर गाठ मारायची खणाची चोळी मागे पडली. आज धडगावच्या बाजारात शिवणयंत्रावर बसलेला शिंपी ‘पोलके शिवायचे की ब्लाउज’ असे विचारतो तेव्हा त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या वयांच्या बायांची दोन वेगळी मापे असतात. कापड सुरतेच्या गिरण्यांतले, बहुधा पॉलिएस्टर. ते स्वस्त आहे, लवकर वाळते, रंग जात नाही. पुरुषांच्या अंगात पॅन्ट-शर्ट, मुलांच्या अंगात आश्रमशाळेचा गणवेश. यावर गळा काढण्यात अर्थ नाही. ज्या बाईला दिवसभर उसाच्या फडात राबायचे आहे तिने तिला परवडणारे, टिकणारे कापड घ्यावे, हेच बरोबर आहे. जपायचे ते शब्द आणि त्यांच्यामागचे ज्ञान. त्यासाठी कुणाला जुने कपडे घालायला लावण्याची गरज नाही.

सुरुवात झालेली आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला. त्यात नंदुरबारच्या भिल्ली बोलींवर त्या त्या भागात काम केलेल्यांनी लिहिले आहे. ग्रिअर्सनच्या वेळी यादी बाहेरून आली होती. आता ती आतून तयार होऊ शकते.

म्हणून धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या शाळांत शिकवणाऱ्यांना आणि तिथल्या कॉलेजातल्या मुलामुलींना एक विनंती आहे. सुट्टीत घरी गेलात की आजीच्या पेटीतला एकेक दागिना, एकेक कापड बाहेर काढा. त्याचे नाव तुमच्या बोलीत, जसे घरात उच्चारतात तसेच देवनागरीत लिहा. प्रमाण मराठीत सुधारून लिहू नका. ते कुणी घालायचे, लग्नाआधी की नंतर, विधवेने घालायचे की नाही, किती तोळ्यांचे, कुठल्या गावच्या सोनाराने घडवले, कुठल्या वर्षी गहाण गेले आणि कधी सुटून आले, हेही विचारा. एका वहीत एका घरचे वीस शब्द आले तरी पुष्कळ. ज्या बाया हे दागिने खऱ्या वजनानिशी वापरत होत्या, त्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. या होळीला घरी जाल तेव्हाच वही उघडा.